जीटी३ रोज ऑफिसला? गाडी सोसेल, पण तापणार कधी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ९९२ पिढीची वापरलेली पोर्शे ९११ जीटी३ (९११ चं ट्रॅकसाठी धार लावलेलं रूप) समोर आहे, पैशांची सोय होतेय, राहायला जर्मनीतलं एस्लिंगेन, ऑफिस श्टुटगार्टच्या पलीकडे १८ किलोमीटरवर, घरात दुसरी गाडी नाही, मुलगी तीन वर्षांची, आणि वर्षातून चार-पाच वेळा होकेनहाइम किंवा नॉर्डश्लाइफेच्या रेसट्रॅकवर जायची हौस. ही एकच गाडी रोज चालवता येईल का?

चालवता येईल. चालवणारे आहेतही. पण तुमच्या परिस्थितीत मी नका घेऊ म्हणेन, आणि त्याचं कारण वरच्या बहुतेक प्रतिसादांत आलंय ते, म्हणजे 'पाठीची वाट लागेल', हे नव्हे. मी या भागात बरीच वर्षं आहे. माझ्याकडे पोर्शेचीच केमन जीटी४ आहे, आणि तिच्या शेजारी एक जुनी स्कोडा ऑक्टाविया कॉम्बी, म्हणजे स्टेशन वॅगन, उभी असते. त्या कॉम्बीमुळेच जीटी४ ची मजा टिकून आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पाठीचं पहिल्यांदा उरकू. ९९२ जीटी३ ला पुढच्या बाजूला डबल विशबोन (प्रत्येक चाक दोन भुजांनी धरणारं) सस्पेन्शन आलं, रस्त्यावरच्या ९११ मध्ये पहिल्यांदाच. सोबत स्प्रिंगाही आधीपेक्षा चांगल्याच कडक झाल्या. एस्लिंगेनच्या जुन्या भागातल्या दगडी फरसबंदीवर खिशातली सुटी नाणीसुद्धा वाजतील. पण डँपर, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, नॉर्मलवर ठेवले आणि ट्रॅक मोडचं बटण गावात विसरलं, की काही दिवसांत अंगवळणी पडतं. 'टूरिंग घ्या, ती मऊ असते' असा सल्ला कुणीतरी देणारच, म्हणून सांगतो: टूरिंग ही जीटी३ चीच दुसरी आवृत्ती, तिला मागचा उंच पंख नसतो, बाकी इंजिन तेच आणि स्प्रिंगाही त्याच. पाठीपेक्षा कानाला त्रास जास्त. आवाज अडवणारा माल वजन वाचवण्यासाठी कमी केलेला असतो, टायर रुंद, त्यामुळे काँक्रीटच्या ऑटोबानवर १३० ला फोनवर बोलायचं तर ओरडावं लागतं. तेही चालवून घेता येतं.

खरी अडचण तापमानाची आहे. या गाडीतली प्रत्येक महागडी गोष्ट, टायर, ब्रेक, इंजिनातलं ऑईल, गरम होऊन काम करायला बनवलेली आहे. तुमच्या १८ किलोमीटरांत, तेही बी १० महामार्गावरच्या सकाळच्या रांगेत, यातलं काहीच नीट गरम होत नाही.

टायरपासून सुरुवात करतो, कारण जीव त्यांच्यावर असतो. गाडी येते मिशेलिन पायलट स्पोर्ट कप २ किंवा त्याच जातीच्या टायरवर, पुढे २५५ आणि मागे ३१५ मिलिमीटर रुंदीचे. हे रबर तापलं की डांबराला चिकटून बसतं. साध्या उन्हाळी टायरची पकड साधारण ७ अंशांखाली ढासळते. कप २ ला १०-१२ अंशांची ओली सकाळसुद्धा मानवत नाही. नोव्हेंबर डोळ्यांसमोर आणा. पारा ४ अंशांवर, भुयारी गॅरेजमधून गाडी मागे काढताय, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं. पुढची चाकं वळता वळता मध्येच टुणकन उडी घेतात, धप्-धप् असा आवाज येतो, आणि नवख्या मालकाला वाटतं काहीतरी तुटलं. तुटलेलं काही नसतं. आतलं आणि बाहेरचं चाक वेगवेगळ्या त्रिज्येच्या वर्तुळावर फिरायला बघतं, आणि थंड, कडक रबर वाकून तो फरक पोटात घालत नाही, झटक्याने सरकतं. आता त्याच रबरावर पाच मिनिटांनी तुम्ही ओल्या पानांनी भरलेल्या गोल चौकात आहात, मागच्या चाकांवर ५१० पीएस (अश्वशक्ती). ट्रॅक्शन कंट्रोल सांभाळून घेतं, पण ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर ते कमी करू शकत नाही.

पावसाचा हिशोब वेगळा. या टायरच्या खोबण्या नवीन असतानाच उथळ असतात, त्यात ट्रॅकसाठी चाकांना आत झुकवलेलं, म्हणजे कॅम्बर जास्त ठेवलेला असेल, तर रोजच्या सरळ रस्त्यावर टायरची आतली कड आधी खपते. बाहेरून टायर ठणठणीत दिसतो, वाकून आत हात घातला की गुळगुळीत. होकेनहाइमहून रविवारी संध्याकाळी ए ६ ऑटोबानवर मुसळधार पाऊस लागला, की त्या पाण्यावर ३१५ चा टायर तरंगायला वेळ लागत नाही. आणि सोमवारी ऑफिसला जायचं ते याच टायरवर, कारण गाडी एकच.

हिवाळ्यात तर प्रश्न कायद्याचाही आहे. रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेलं पाणी असेल तर जर्मनीत हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेलेच चालतात, नुसतं एम+एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरत नाही. दंड ६० युरोपासून, वर फ्लेन्सबुर्गच्या वाहतूक-गुन्ह्यांच्या नोंदवहीत तुमच्या नावावर एक गुण. तुम्ही म्हणाल, हिवाळी चाकांचा दुसरा सेट घेतो. घ्या, मिळतो. पण जीटी३ च्या चाकाला पाच बोल्टांऐवजी मधोमध एकच मोठा नट असतो, आणि तो ६०० न्यूटन-मीटरने आवळावा लागतो. साध्या ९११ चे बोल्ट १६० वर आवळतात. कोपऱ्यावरचा टायरवाला ६०० चा आकडा ऐकून बहुधा हात जोडतो. म्हणजे दर ऑक्टोबर-एप्रिलला पोर्शे सेंटर किंवा तेवढी अवजारं असलेलं वर्कशॉप, त्यांची वेळ, त्यांचं बिल.

इंजिनाचं दुखणं दिसत नाही, म्हणून ते जास्त वाईट. चार लिटरचं, टर्बो नसलेलं, ९००० आरपीएमपर्यंत फिरणारं हे इंजिन ऑईल गरम झाल्याशिवाय ताणायचं नसतं. ८०-९० अंशांची वाट बघायची. डॅशबोर्डवर पाण्याचा काटा पाच-सात मिनिटांत जागेवर येतो आणि माणूस फसतो. ऑईल त्याच्या बरंच मागे असतं. जानेवारीत तुमच्या रस्त्यावर ऑईल तापेपर्यंत ऑफिसचं फाटक आलेलं असेल. इंजिन थंड असताना थोडं पेट्रोल आणि वाफेचं पाणी ऑईलमध्ये उतरत राहतं. लांब, गरम फेरीत ते उडून जातं. रोज छोट्याच फेऱ्या असतील तर साचतं. अशी गाडी ठेवायचीच असेल तर ऑईल किलोमीटर बघून नव्हे, महिने बघून बदला, आणि दर आठवड्याला एकदा तरी श्वेबिशे आल्बच्या डोंगरांच्या बाजूला तासभर फिरवून आणा. आता हा तास तुमच्या शनिवारातून जाणार, मुलीच्या वाट्याचा.

ब्रेकचं थोडक्यात. कंपनीच्या पॅडवर रोजची गाडी उत्तम थांबते. ट्रॅकवर टिकावं म्हणून रेसिंगचे पॅड घातलेत, की पहिल्या दोन-तीन ब्रेकला पाय कितीही दाबा, हवी तशी पकड येत नाही, आणि प्रत्येक सिग्नलला किंचाळणं वेगळं. शिवाय मान्यतेचं ई-चिन्ह नसलेले पॅड इथे रस्त्यावर बेकायदाच. दर ट्रॅक-डेला, म्हणजे ट्रॅकवर जायच्या दिवशी, पॅड बदलायचे, परत घालायचे, हे दुसरी गाडी असलेल्याला परवडतं.

आता मजेचं. माझ्या जीटी४ चे गिअर लांब आहेत, ही त्या गाडीबद्दलची जुनी तक्रार. दुसऱ्या गिअरमध्ये रेडलाइन, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा, गाठेपर्यंत वेगाचा काटा १३५ च्या पुढे जातो. गावाबाहेरच्या लाण्डश्ट्रासेवर मर्यादा १००. म्हणजे दुसरा गिअरसुद्धा पूर्ण ओढला तर परवाना धोक्यात. जीटी३ त्याहून वेगवान. उरला बिनमर्यादेचा ऑटोबान. पण लेओनबेर्गच्या आसपास ए ८ वर संध्याकाळी साडेपाचला मर्यादा नसली काय आणि असली काय. या गाडीच्या सस्पेन्शनला, टायरला जिथे जाग येते तो वेग रोजच्या रस्त्यावर येतच नाही. तुम्ही त्या गाडीच्या झोपेला सोबत करत ऑफिसला जाता. मला हे पटायला वेळ लागला नाही, पण इंजिनाच्या आवाजावर भाळलेल्याला कुणी सांगून पटत नाही, हेही खरं. आवाज आहेच तसा.

मुलीचं काय, हे तुम्ही एका ओळीत आटोपलंत, माझ्या मते प्रश्न तिथेच निकालात निघतो. ९९२ च्या पहिल्या जीटी३ ला मागची सीट नाही. मागच्या सीटचा पर्याय २०२४ च्या शेवटी आलेल्या नव्या टूरिंगला मिळाला, तुम्ही बघताय ती त्याआधीची. राहिली शेजारची सीट. तिथे कार्बनची पूर्ण बकेट, म्हणजे एकसंध रेसिंग सीट, असेल तर तिच्यावर लहान मुलांची सीट बसवता येत नाही, आणि वापरलेल्या बाजारात बकेटवाल्याच जास्त दिसतात, कारण नवीन घेणाऱ्याने हौसेने तीच निवडलेली असते. जीटी३ आरएसकडे, म्हणजे हिच्या आणखी टोकाच्या ट्रॅक-आवृत्तीकडे, तर बघूही नका. तिच्या नाकात रेडिएटर बसवल्यामुळे पुढची डिकीच गेली. साध्या जीटी३ ची पुढची डिकी मात्र बरी आहे, आठवड्याचा बाजार मावतो.

नॉर्डश्लाइफेबद्दल एक सांगणं भाग आहे. तिथल्या सर्वसामान्यांसाठीच्या फेऱ्यांना रस्त्याचेच नियम लागू असतात, म्हणून विमा चालेल असं लोक गृहीत धरतात. हल्ली अनेक फोलकास्को (सर्वसमावेशक) पॉलिसींत न्युर्बुर्गरिंग (नॉर्डश्लाइफे त्याचाच भाग) किंवा एकूणच रेसट्रॅकवरच्या फेऱ्या स्पष्ट शब्दांत वगळलेल्या असतात. अटींचा कागद शब्दन् शब्द वाचा. गार्डरेल वाकवली तर तिचंही बिल तुमच्याच नावावर येतं. आणि विमा मिळाला तरी घरातली एकुलती एक गाडी ट्रकवर चढल्यावर सोमवारी पाळणाघर गाठायचं कशाने?

वर पुण्याहून एकांनी विचारलंय की तिकडे चालेल का. तिथे थंडीचा प्रश्न नाही, त्यामुळे माझं अर्धं म्हणणं बाद. पण नाक उचलायची लिफ्ट पुढचा एक्सलच उचलते, मधलं पोट फारसं नाही, आणि आपल्याकडचे गतिरोधक नेमके पोटाला लागतात. शिवाय टायरला लागलेला खड्डा ३० प्रोफाइलच्या बुटक्या टायरमध्ये थेट रिमपर्यंत पोचतो. हौस म्हणून पहाटे काढणं वेगळं, रोज हिंजवडी वेगळी.

मग करायचं काय? जीटी३ च हवी असेल, तर थोडी कमी पैशांची किंवा थोडी जुनी घ्या आणि उरलेल्या पैशांत एक साधी कॉम्बी. जीटी३ ला सीझनची नंबरप्लेट, मार्च ते ऑक्टोबर, म्हणजे कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा. बाकीचे महिने ती सार्वजनिक रस्त्यावर उभीही करता येत नाही, पण तुमच्याकडे गॅरेज आहे, मात्र मग कॉम्बीसाठी रस्त्यावर जागा शोधणं आलं. एस्लिंगेनमध्ये तो स्वतंत्र विषय.

एकच गाडी ठेवायची असेल, तर हसू नका, होंडा सिव्हिक टाइप आर बघा. ३२९ पीएसची एफएल५ पिढी मिळाली तर उत्तम, नाहीतर आधीची ३२० ची. चार माणसं, मोठी डिकी, खरोखर मऊ होणारे डँपर, आणि एफएल५ ने २०२३ मध्ये नॉर्डश्लाइफेची फेरी ७ मिनिटं ४४.८८१ सेकंदांत मारली आहे. चाकाला साधे नट, त्यामुळे ट्रॅकच्या टायरचा दुसरा सेट घरीही बदलता येतो. मुलगी नसती तर अल्पीन ए११० म्हटलं असतं. अकराशे किलोच्या आसपास वजन आणि २५२ पीएस. गाडी मुळात हलकी असली की स्प्रिंगा कडक कराव्याच लागत नाहीत. खराब लाण्डश्ट्रासेवर ती माझ्या जीटी४ पेक्षा जास्त आनंद देते, हे जीटी४ चा मालक म्हणून लिहितोय.

एवढं वाचूनही तीच जीटी३ बघायला जाणार असाल (जाणार, मला माहीत आहे), तर मॅन्युअल गिअरबॉक्स असल्यास पोर्शे सेंटरमधून ओव्हररेव्हचा रिपोर्ट काढून घ्या. इंजिन मर्यादेपलीकडे कधी, किती फिरलं, याची टप्प्याटप्प्याने नोंद कॉम्प्युटरमध्ये असते. वरच्या टप्प्यांत काही दिसलं तर भाव न करता निघून या. टायरच्या आतल्या कडेला हात लावून बघा. चालवून बघायची ती जुलैच्या दुपारी नको, पावसाळी थंड सकाळ गाठा, आणि विकणारा तयार असेल तर गाडी तुमच्याच गॅरेजच्या रॅम्पवरून वर-खाली करा, नाक किंवा पोट घासतं का ते कळेल.

त्या रॅम्पचा वरच्या टोकाचा, जिथे तो सपाट होतो तिथला, बाजूने काढलेला फोटो इथे टाका. आणि त्या गाडीत बकेट सीट आहे की साधी, लिफ्ट आहे की नाही, तेही लिहा.