पुण्यातली व्हिडिओ गेम पार्लर मोबाइलने संपवली का?

नाही हो. मोबाइलवर बिनकामाचं खापर फुटतंय. लोकांच्या हातात धड गेम चालणारे फोन आले, तोवर आमच्या शनिवार पेठेतलं पार्लर बंद पडून तिथलं झेरॉक्सचं दुकानही जुनं झालं होतं.

मी सांगतोय ते १९९५-९६ चं. वाड्याच्या तळमजल्यावर एक अंधारी खोली, चार मशिन, रुपयाला एक कॉइन. स्क्रीनच्या काचेखालच्या पट्टीवर आपलं कॉइन ठेवलं की नंबर लागला. कुणी ते सरकवलं तर भांडण. 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हे गेमचं नाव कुणालाच येत नव्हतं, आम्ही त्याला 'मुस्तफा' म्हणायचो, पिवळ्या टोपीवाल्या गड्यावरून. तिघं एकदम खेळायचे आणि मागून आठजण ओरडायचे, "अरे कोंबडी खा, लाईफ संपतंय!" गुरुवारी महावितरणच्या आधीच्या त्या बोर्डाची दुरुस्ती असायची. चौथ्या स्टेजला लाईट गेली की कॉइन बुडालं. पार्लरवाले काका परत द्यायचे नाहीत. "लाईट मी घालवली का?"

काकांचं गणित सरळ होतं. चांगला खेळणारा पोरगा म्हणजे तोटा, एका रुपयात अर्धा तास मशिन अडवणारा. म्हणून १९९१ चा 'स्ट्रीट फायटर २' त्यांचा लाडका. दोघं भिडायचे, हरलेला दोन-तीन मिनिटांत उठायचा, पुढचं कॉइन आत. शिवाय मशिनच्या आतल्या सर्किट बोर्डावरच्या बारीक स्विचांनी गेम अवघड करता येतो, हे मला फार उशिरा कळलं. एका सुट्टीत सगळे अचानक पहिल्याच बॉसला का मरत होते, ते मग लक्षात आलं.

पार्लरवर घाव घातला तो घरच्या टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेमने. चित्रं सुमार, पण आई पोराला डोळ्यासमोर ठेवू शकायची. पार्लर म्हणजे वाया गेलेल्या पोरांचा अड्डा, असंच तिचं मत होतं. मग सायबर कॅफे आले, तिथे तासाच्या पैशात 'काउंटर स्ट्राइक'. इकडे पिक्चर ट्यूब गेली, बटणं बसली की दुरुस्तीला मिळकतीपेक्षा जास्त खर्च. चाराची तीन मशिन झाली, मग दोन. एक दिवस शटर उघडलंच नाही.

विमाननगरच्या मॉलमधल्या गेम झोनमध्ये मुलाला घेऊन जातो. कार्ड घासायचं, तिकिटं जमवायची, पेन्सिल घेऊन यायची. त्याला आवडतं. मला तिथे मागे उभं राहून बघणारं कुणी दिसत नाही.

लॉकडाऊनमध्ये लॅपटॉपवर मेम, म्हणजे पार्लरच्या मशिनचे जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर, टाकून मुस्तफा लावला. ५ चं बटण दाबलं की कॉइन पडतं, हवी तितकी. पार्लरमध्ये पाचव्या स्टेजपुढे कधी गेलो नव्हतो. इथे एका रात्रीत आठही झाल्या. शेवटचा बॉस मेला तेव्हा दोन वाजले होते. बायको आतून म्हणाली, "आवाज कमी कर जरा."