डीप पर्पल हा रॉक बँड म्हणजे लेड झेपलिन या दुसऱ्या रॉक बँडची नक्कल, असं माझा मित्र म्हणतो. खरंच तसं आहे का?

नाही, अजिबात नाही. आणि हे मी झेपलिनचा कट्टर चाहता म्हणून सांगतोय. दोघांतला एकच निवडा म्हणालात तर मी झेपलिनच निवडेन. पण पर्पलला नक्कल म्हणणाऱ्याने ते नीट ऐकलेलेच नाहीत.

दोन्ही बँड १९६८ चे, दोन्ही ब्रिटिश, दोन्हीकडे तारसप्तकात चढणारा गायक. साम्य साधारण इथेच संपतं. झेपलिनची मुळं अमेरिकन ब्लूज आणि इंग्लंडच्या लोकसंगीतात. पर्पलकडे कीबोर्डवादक जॉन लॉर्ड होता, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकलेला. तो हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अँपमधून वाजवायचा, त्यामुळे तो ऑर्गन अक्षरशः गुरगुरतो. १९७० चा 'इन रॉक' ऐका, गिटार कुठली आणि ऑर्गन कुठला हे पटकन ओळखू येत नाही. हा आवाज झेपलिनकडे नाहीच.

दोघांच्या कामाच्या पद्धती किती वेगळ्या होत्या हे बघायचं तर रोलिंग स्टोन्सच्या ट्रककडे बघा. स्टोन्सनी ट्रकमध्ये फिरता स्टुडिओ बांधला होता आणि तो इतरांनाही भाड्याने मिळायचा. झेपलिनने चौथ्या अल्बमसाठी तो हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घराशी नेला. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'साठी जॉन बॉनमचे ड्रम जिन्याच्या तळाशी मांडले आणि माइक वरच्या मजल्यावरून टांगले. त्या गाण्यात ड्रमबरोबर सगळं घर घुमतं.

त्याच वर्षी, डिसेंबर १९७१ मध्ये, तोच ट्रक घेऊन पर्पल स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला गेले. ज्या कॅसिनोत रेकॉर्डिंग करायचं होतं तो फ्रँक झापाच्या कार्यक्रमात लागलेल्या आगीत जळाला. शेवटी हिवाळ्यामुळे बंद असलेल्या हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून त्यांनी वाजवलं. झालेला टेक ऐकायला ट्रकपर्यंत जायचं तर खोल्या आणि बाल्कन्या ओलांडाव्या लागत, म्हणून ते जाईनासे झाले. मनासारखं जमेपर्यंत वाजवत राहायचं, बस्स. त्यातून 'मशीन हेड' हा अल्बम झाला. पाच जण एकमेकांना भिडून वाजवतायत हे त्यात स्पष्ट ऐकू येतं, आणि म्हणूनच लाइव्ह अल्बममध्ये पर्पल सरळ बाजी मारतात. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोत रेकॉर्ड झालेल्या 'मेड इन जपान'पुढे झेपलिनचा 'द साँग रिमेन्स द सेम' मला फिका वाटतो.

उसनवारीच काढायची तर दोघांचीही निघेल. 'होल लोटा लव्ह'वरून ब्लूजवाले विली डिक्सन यांनी झेपलिनवर दावा लावला होता, तो तडजोडीने मिटला. पर्पलच्या 'चाइल्ड इन टाइम'ची सुरुवात 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या अमेरिकन बँडच्या 'बॉम्बे कॉलिंग'वरून घेतलेली आहे. (हो, आपलं बॉम्बे.) पण यात एकमेकांचं काही उचललेलं नाही.

मग मी झेपलिन का निवडतो? बॉनममुळे. त्याचा ठेका वजनदार आहे, तरी झुलतो. १९८० मध्ये तो गेला आणि बाकीच्या तिघांनी बँडच बंद केला. पर्पलमध्ये माणसं बदलत गेली, सुरुवातीपासून आजवर टिकलाय तो एकटा इयन पेस, आणि तोही अव्वल ड्रमर आहे.

मित्राला 'मेड इन जपान'मधलं 'हायवे स्टार' मोठ्या आवाजात ऐकवा. आधी लॉर्डचा सोलो येतो, मग गिटारवादक रिची ब्लॅकमोरचा. तो झाला की त्याला विचारा, हे झेपलिनच्या कुठल्या गाण्यासारखं आहे?