आठ्यांचं वार्षिक पॅकेज: एफडी मोडू नका, मानधनातून भागवा

पार्ल्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: वय ४७, शाळेच्या कार्यालयात नोकरी, शिवाय लग्नं आणि गाण्यांच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन. त्याचं गेल्या वर्षीचं मानधन ९०,००० रुपये. यजमानांचं छोटं वर्कशॉप, उत्पन्न कमीजास्त. मुलगा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. घरखर्च महिना ७०,०००, म्युच्युअल फंडात महिन्याला ५,००० ची एसआयपी आणि २ लाख ४० हजारांची एक एफडी. कपाळ, भुवयांमधल्या आठ्या आणि डोळ्यांच्या कडा यांसाठी बोटॉक्सच्या इंजेक्शनांचं वर्षभराचं पॅकेज क्लिनिकने सांगितलं आहे: ४८,००० अधिक जीएसटी, 'ऑफर रविवारपर्यंत'. एफडी मोडू, की ईएमआय घेऊ?

ताई, दोन्ही नको. पण इंजेक्शनं घेऊच नका, असंही मी म्हणणार नाही. हेच पैसे गुंतवले तर दहा वर्षांत किती लाख होतील हा हिशेब आमच्या आर्थिक सल्ल्याच्या धंद्यात लोकांना घाबरवायला फार वापरला जातो. त्या हिशेबाने माणसाने पार्ल्यात वडापावसुद्धा खाऊ नये. तुम्ही स्टेजवर उभ्या राहता, चेहऱ्याबद्दल वाटतं, ते तुमचं तुम्ही ठरवायचं. मी फक्त पैसे कुठल्या खिशातून यावेत ते सांगतो.

मुळात हा खर्च फ्रिज घेण्यासारखा नाही, विजेच्या बिलासारखा आहे. औषध स्नायूंना जाणारा संदेश काही काळ थांबवतं. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो, साधारण दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीन ते चार महिन्यांत ओसरतो. म्हणून वर्षाला तीन वेळा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीन वेळा. क्लिनिकच्या कागदावर एका वेळचे ५० युनिट (हे औषध मोजायचं माप), ३५० रुपये दराने, म्हणजे १७,५०० दिसतात. त्यावर कागदात धरलेला १८ टक्के जीएसटी, कारण उपचारांना मिळणारी सूट निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या गोष्टींना नाही. झाले २०,६५०. तीन वेळचे ६१,९५०, महिन्याला ५,१६० च्या आसपास. तुमच्या एसआयपीपेक्षा जास्त. मेडिक्लेममधून यातला एक रुपया मिळणार नाही, कॉस्मेटिक उपचार पॉलिसीतून वगळलेलेच असतात. आणि 'स्टेजसाठी लागतं म्हणून मानधनातून वजा दाखवता येईल का?' याचं उत्तर नाही असंच धरून चला. आयकराच्या नजरेत हा वैयक्तिक खर्च.

आता पॅकेज. करासकट ५६,६४०, म्हणजे सुटे तीन वेळा घेतलं त्यापेक्षा ५,३१० ने स्वस्त. ऐकायला बरं वाटतं. पण पहिल्या वेळेनंतर पापणी थोडी उतरली, डोकं दुखलं, किंवा आरशात पाहून 'ही मी नव्हे' वाटलं, तर? सुटं घेतलं असतं तर २०,६५० गेले असते, पॅकेजमध्ये उरलेले ३५,९९० अडकले. दोनदा घेऊन थांबलात तरी १५,३४० पाण्यात. पापणी उतरण्यासारखे त्रास बहुधा काही आठवड्यांत जातात, आगाऊ भरलेले पैसे तसे सहज परत येत नाहीत. पहिल्यांदाच घेणाऱ्या माणसाने वर्षाचं भरू नये, हे माझं ठाम मत. आणि थांबलात तर? आठ्या हळूहळू पूर्वीसारख्या होतात, पूर्वीपेक्षा वाईट नाही. त्यामुळे 'सुरू केलं की सोडता येत नाही' या भीतीने पैसे अडकवू नका.

ईएमआयचं सांगतो. १२ हप्ते, ४,७२० चे, 'नो कॉस्ट'. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. प्रोसेसिंग फी कुठे लिहिली आहे ते बघा. हप्ता कार्डावर असेल तर व्याजावरचा जीएसटीही बघा. औषध चार महिन्यांत उतरलेलं असेल आणि हप्ते चालूच असतील.

एफडी तर मुळीच नाही. २ लाख ४० हजार म्हणजे तुमच्या घराचे साडेतीन महिनेही नाहीत. यजमानांचा एखादा मोठा ग्राहक पैसे थकवून बसला की याच एफडीतून कॉलेजची फी जायची आहे.

मग काय करायचं? तीनही जागा एकदम कशाला? भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सच्या लेबलवर २० युनिटचा डोस आहे. तुमच्या दराने करासकट ८,२६०. वर्षात तीनदा घेतलं तरी २४,७८०, म्हणजे मानधनाच्या चौथ्या हिश्शाहून थोडं जास्त. हे झेपतं. किती युनिट आणि कुठे, हे अर्थातच त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील, पण 'एवढ्याच जागेपासून सुरुवात करायची आहे' हे तुम्ही म्हणू शकता. खरं तर सूत्रसंचालकाने कपाळ हलतं ठेवावं असं मला वाटतं, अर्धं बोलणं तिथेच असतं. दीनानाथ नाट्यगृहाच्या दहाव्या रांगेतून डोळ्यांच्या कडा कुणाला दिसत नाहीत, दिसतात त्या मोबाइलवरच्या व्हिडिओत.

जिथे जाल तिथे डॉक्टरांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. बिलावर औषधाचं नाव, बॅच क्रमांक आणि युनिट लिहून घ्या. वेगवेगळ्या ब्रँडची युनिटं एकमेकांच्या बरोबरीची नसतात, त्यामुळे नुसता 'युनिटचा दर कमी' हा स्वस्ताईचा पुरावा नव्हे. ब्युटी पार्लरमध्ये निम्म्या भावात मिळतं म्हणून तिथे जाऊ नका. स्नायूंचा किंवा नसांचा काही आजार असेल, कुठली औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि पहिली वेळ सीझनच्या तोंडावर नको, पहिल्या कार्यक्रमाच्या महिनाभर आधी उरकून घ्या.

मानधन आलं की त्यातले महिन्याला २,१०० वेगळ्या बचत खात्यात टाकत जा. दोन महिने कार्यक्रम नसले तर इंजेक्शन दोन महिने पुढे जाईल, एसआयपी नाही. रविवारची ऑफर जाऊ द्या, पुढच्या सणाला पुन्हा येईल.

एक राहिलंच. एफडीच्या पावतीचा फोटो पाठवलात त्यात नॉमिनीची नोंद दिसत नाही. ती या आठवड्यात बँकेत जाऊन करून घ्या.