आधी तारीख बघा, मग बेत आखा

कोरोनाच्या काळात, जानेवारी 2022 मध्ये, मुंबईत नव्याने आलेल्या एकाने नव्या निर्बंधांबद्दल आणि बहिणीच्या लग्नाबद्दल विचारलं होतं, त्याला तेव्हा लिहिलेलं हे उत्तर. यातले नियम त्या वेळचे आहेत, आता लागू नाहीत.

मुंबईत येऊन आठवडाही झाला नाही आणि 10 जानेवारी 2022 पासूनचे कोरोनाचे नवे निर्बंध समोर आले, तुमची धांदल मी समजू शकतो. घाबरू नका, दोन-तीन सवयी लागल्या की जमतं.

पहिली सवय म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर नियम म्हणून धरू नका. राज्याचा आदेश वाचा, मग महापालिकेचा. पालिका नियम आणखी कडक करू शकते, हे नवीन माणूस विसरतो. आदेशावरची तारीखही बघा. एप्रिल 2021 मध्ये लग्नाला 25 माणसं आणि दोन तासांची मर्यादा होती, आता जानेवारी 2022 मध्ये 50 माणसं चालतात. जुना कागद घेऊन हॉलवाल्याशी वाद घालणारे मी पाहिलेत.

बहिणीच्या लग्नाबद्दल विचारलंत. यादी दोन करा: आधी घरातली अगदी जवळची पंचवीस, मग बाकीचे. संख्या घटली तर रडारड होत नाही. हॉलवाल्याकडून तारीख पुढे ढकलण्याची अट लेखी घ्या. आम्ही तोंडी बोलण्यावर राहिलो आणि अ‍ॅडव्हान्स गेला. अजून वाईट वाटतं.

जानेवारी 2022 च्या नियमांनुसार लोकलने प्रवासासाठी कोरोना लशीच्या दुसऱ्या डोसनंतर 14 दिवस पूर्ण हवेत. लशीचं प्रमाणपत्र फोनमध्ये ठेवा, एक छापील प्रतही. 10 जानेवारी 2022 पासून रात्री 11 ते पहाटे 5 अत्यावश्यक कारणाशिवाय बाहेर पडायला बंदी आहे, म्हणून पाहुण्यांना जेवण लवकर वाढा.

आणि घरातल्या आजी-आजोबांना गर्दीत नेऊ नका, नियमात बसत असलं तरी.