पंचशील कागदावरच राहिले का?

प्रश्न : आमच्या वाचनकट्ट्यावर शेजारी राष्ट्रांच्या शांततामय सहजीवनाचा विषय निघाला, की पंचशीलाचे नाव येते आणि १९६२ च्या चीन युद्धाचा दाखला देऊन चर्चा मिटवली जाते. नव्याने स्वतंत्र झालेल्या शेजाऱ्यांमध्ये हे धोरण प्रत्यक्षात कधी टिकले आहे काय?
– एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : गुरुजी, १९६२ चा दाखला खरा आहे, पण तेवढ्यावर विषय मिटत नाही. पंचशील म्हणून आपण ओळखतो तो भारत आणि चीन यांच्यातला २९ एप्रिल १९५४ चा करार मुळात तिबेटशी होणाऱ्या व्यापाराचा आणि दळणवळणाचा होता. शांततामय सहजीवनाची पाच तत्त्वे, म्हणजेच पंचशील, प्रस्तावनेत आली. कलमांत यातुंग, ग्यांत्से, फारी या बाजारपेठा आणि शिपकी, माणा, नीती, लिपुलेख यांसह सहा खिंडी नावानिशी नोंदवल्या गेल्या, पण दोन्ही देशांची हद्द कोठून जाते याचा त्यात उल्लेखच नव्हता. कराराची मुदत आठ वर्षांची होती. ती १९६२ च्या जूनमध्ये संपली आणि ऑक्टोबरमध्ये युद्ध पेटले. ज्या प्रश्नावरून बिनसणार होते, तोच बाजूला ठेवला गेला, हे माझ्या मते त्या कराराचे खरे दुखणे होते. ब्रह्मदेशाने १९६० साली चीनशी सीमाकरार करून आपली हद्द ठरवून घेतली, हे त्याच काळातले वेगळे उदाहरण आहे.

याहून बोलके उदाहरण सिंधू पाणीवाटपाचे आहे. फाळणीला वर्षही झाले नव्हते, तोच १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबने पाकिस्तानात जाणाऱ्या कालव्यांचे पाणी थांबवले. तेथून सुरू झालेला तंटा जागतिक बँकेच्या मध्यस्थीने बारा वर्षांनी मिटला आणि १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत पंडित नेहरू व पाकिस्तानचे अध्यक्ष अयुब खान यांनी करारावर सह्या केल्या. रावी, बियास, सतलज भारताकडे आणि सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानकडे, अशी वाटणी झाली. त्याबरोबरच दोन्ही देशांनी एकेक आयुक्त नेमावा, त्या दोघांच्या आयोगाची बैठक वर्षातून निदान एकदा व्हावी आणि नद्यांच्या पातळीची व विसर्गाची रोजची आकडेवारी दरमहा एकमेकांना द्यावी, असेही ठरले.

या आकडेवारीचे मोल कोल्हापूरकरांना समजावून सांगायला नको. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली, की घराघरांत सामान वर चढवायला सुरुवात होते, ४३ फुटांची धोका पातळी जवळ येऊ लागली, की झोप उडते, आणि त्याच वेळी खालच्या अंगाला कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणातून किती पाणी सोडले याची चौकशी सुरू होते. वरच्याने खालच्याला आणि खालच्याने वरच्याला वेळेवर खरा आकडा कळवणे, हे शेजारधर्माचे पहिले लक्षण मला वाटते. १९६५ आणि १९७१ ची युद्धे होऊनही सिंधू करार मोडला नाही, याचे श्रेय मी या ठरलेल्या कामकाजाला देतो.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने हा करार स्थगित केला, हेही कट्ट्यावर सांगावे. मात्र त्याआधीची जवळजवळ पासष्ट वर्षे सांगितल्याशिवाय चर्चा मिटवू नये, एवढी माझी विनंती आहे.