अमेरिकेत सायकॉलॉजीच्या इंटर्नशिपसाठी अर्ज कुठे कुठे करायचा, हे कसं ठरवलंत?

क्लिनिकल पीएचडीचं चौथं वर्ष, एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा, आणि अ‍ॅपिकच्या (इंटर्नशिप देणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या) डिरेक्टरीतल्या शेकडो जागा बघून डोकं गरगरतंय, असं तुम्ही लिहिलंय. माझंही तेच झालं होतं. आधी गाळायला घ्या, निवडायचं नंतर बघू.

पहिली चाळणी नागरिकत्वाची. मानसशास्त्रज्ञांना प्रशिक्षण देणारी तिथली सगळ्यात मोठी यंत्रणा म्हणजे व्हीएची, माजी सैनिकांची हॉस्पिटलं. पण तिथे अमेरिकन नागरिकत्व मागतात. मी ती अट न वाचताच तिथल्या अर्जाच्या एका पत्रावर दोन शनिवार-रविवार घातले. दुसरी चाळणी तासांची: थेरपीचे आणि असेसमेंटचे किमान तास किती हवेत, ते डिरेक्टरीतच दिलेलं असतं. एपीएची, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, मान्यता नसलेली जागा मी धरलीच नाही, पुढे लायसन्सच्या वेळी खुलासे कोण देत बसणार?

उरलेल्या जागांचं ब्रोशर शेवटी वाचा. आधी त्यांच्या वेबसाइटवरचा तक्ता उघडा. मान्यताप्राप्त जागांना तो द्यावाच लागतो, आणि त्यात स्टायपेंड किती आणि मागचे इंटर्न पुढे कुठे लागले, हे असतं. तुम्हाला न्यूरोसायकॉलॉजीत जायचंय आणि तिथले बहुतेक जण विद्यापीठांच्या समुपदेशन केंद्रांत गेलेत, तर समजून जा.

मग तुमच्या विभागातले सीनियर जिथे गेलेत, त्यांना फोन लावा. ‘कसं आहे तिथे?’ विचारलंत तर ‘छान आहे’ एवढंच ऐकायला मिळेल. मी विचारायचे, ‘कालचा दिवस कसा गेला, सकाळपासून सांग.’ एक जण म्हणाली, सकाळी दोन इनटेक (नव्या पेशंटच्या पहिल्या मुलाखती), दुपारी ग्रुप, मग संध्याकाळपर्यंत रिपोर्ट. ‘आणि ट्रॉमाचं रोटेशन?’ ते तर ब्रोशरच्या पहिल्याच पानावर होतं. ‘अगं, ते घेणाऱ्या सुपरवायझर गेल्या वर्षीच सोडून गेल्या.’ ती जागा मी फोन ठेवायच्या आधीच खोडली.

व्हिसाचं मात्र आत्ताच बघा. इंटर्नशिप साधारण वर्षभराची, पूर्णवेळ. सीपीटी (शिकत असताना अशा इंटर्नशिपसाठी मिळणारी कामाची परवानगी) पूर्णवेळ १२ महिने झालं की त्या पदवीवरचं ओपीटी (पदवीनंतर काम करायची परवानगी) गेलं, आणि पीएचडीनंतर पोस्टडॉकला तुम्हाला तेच लागेल. प्रत्येक जागेच्या सुरू-संपायच्या तारखा घेऊन डीएसओंना, म्हणजे विद्यापीठात व्हिसाचं बघणाऱ्या अधिकाऱ्यांना, भेटा.

अर्ज मी १५च केले. अर्जातले चारही निबंध सगळीकडे चालतात, पण कव्हर लेटर प्रत्येक ठिकाणी वेगळं लागतं, आणि दमछाक तिथेच होते. अकराव्या पत्रापासून मी नुसती नावं बदलायला लागले होते. एका पत्रात आधीच्याच हॉस्पिटलचं नाव राहून गेलं. तिथून मुलाखतीचं बोलावणं आलं नाही, हे सांगायला नकोच.