युरोपातला एवढासा देश स्लोव्हाकिया नुसत्या गाड्या बनवून कसा काय चालतो?
आपला सातारा नि सांगली, दोन्ही जिल्हे मिळून जेवढी माणसं त्याहून कमीच, साधारण ५४ लाख लोकसंख्या, आणि गाड्या काढतात वर्षाला १० लाखाच्या आसपास, माणशी हिशोबात जगात पहिला नंबर. फोक्सवॅगन, किया, स्टेलांटिस, आणि तिथल्या नित्रा शहरात २०१८ पासून जॅग्वार लँड रोव्हर, म्हणजे मालक आपले टाटाच की. एवढं गिऱ्हाईक तिथं कुठलं, जवळपास सगळा माल एक्स्पोर्ट. म्हणून तर २००९ला बाहेर मंदी आली नि यांचा जीडीपी ५ टक्क्यांहून जास्त घसरला. मी कुपवाड एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, गाडीच्या चाकाचे हब टर्निंग करतो, ऑर्डर थांबली की आधी ओव्हरटाइम बंद, मग तिसरी शिफ्ट, मग टपरीवरची उधारी वाढते, तिकडं अख्ख्या देशाचं तसं होतं.